तीन पाण्यांत धुतलेला तांदुळजा

आदरणीय अध्यक्षा प्राचार्या सुनंदाबाई, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या वनस्पतिशास्त्राच्या प्रा. मेहरुन मॅडम, सहकारी, विद्यार्थी आणि समस्त देवपूरकरहो,

मी रसायनशास्त्राचा. मॅडमनी बजावलं होतं, तुम्ही बोलू नका. म्हणूनच उभा राहिलोय.

रस्त्याकडेचं तण उपटून पिशवीत भरणारी प्राध्यापिका कुणी पाहिली आहे का? आम्ही रोज पाहिली. त्या म्हणायच्या, शहरात शिसं कुठे मुरलंय, ते तिथे आपोआप उगवलेल्या रोपाला विचारा. आम्ही हसायचो. अध्यक्षाबाईही हसायच्या, पण ते असो.

दोन वर्षांपूर्वी मॅडमनी नाल्याकाठचा रानटी तांदुळजा मागवला. तिथे मागच्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडतात. आमची विद्यार्थिनी मोहिनी हिने घरच्या सवयीने तो तीन पाण्यांत धुऊनच आणला! मॅडम कडाडल्या, "फोडणीला घालायचा होता का गं?" आणि एकदम थबकल्या. "पण लोक तरी धुऊनच खातात ना? मग हा तपासू, आणि एक न धुतलेलाही आण."

दोन्ही आमच्या विभागातल्या शिसं मोजायच्या यंत्रावर तपासले. धूळ गेली होती. शिसं गेलं नव्हतं, ते पानांत भिनलं होतं.

त्याच काठावरची भाजी खुडून आपल्या दारोदारी विकायच्या त्या वच्छलाबाई आज पुढच्या रांगेत आहेत. मॅडमनी गाठलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, मी तीन पानीमा धुस. नातले बी हाईच देस."

मॅडम त्याच दिवशी, हीच भाजी खाणाऱ्या त्या नातीला रक्ततपासणीला घेऊन गेल्या. शिसं वाढलेलं निघालं. आम्ही सगळेच फार घाबरलो होतो. ती भाजी बंद झाली, उपचार झाले, आणि आता ती पाहा, भाषण सोडून आइस्क्रीमकडे लक्ष आहे तिचं. वच्छलाबाई मॅडमनी तपासलेल्या जागेवरूनच भाजी आणतात.

मघाशी मी त्यांना विचारलं, मॅडमसाठी काय आणलंत? पिशवीतून दोन जुड्या निघाल्या, नव्या जागेच्या.

"दोन कशाला?"

"एक धुयेल शे, एक तशीच. बाईले दोन्ही लागतस."

मॅडम, यांना तुमची निवृत्ती कुणी कळवलेली दिसत नाही. मीही कळवणार नाही. यंत्र सुरू करून ठेवलंय.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. आणि मॅडम, हार नंतर. आधी या जुड्या घ्या.