फुलपाखराचे कान

—न्हाय, न्हाय सादिकभाय, टोपली उचलू नका! झोपलंय ते. तुमी बसा आधी, पाणी घ्या. आजच गाडी घेऊन पाठवलं यूनुसशेठनी, कुत्र्याचं पिलू न्यायला? लग्नाचे पाव्हणे गेले इतक्यात? शेठ म्हणालेले, सावळाराम, पाव्हणे हायेत तोवर पिलू गोदामात ठेव, तुझ्याइतका भरवशाचा वॉचमन न्हाय. मग सांभाळलं ना! दूध पाजलं, कुशीत घेऊन झोपलो. माझी बायको गोदू चिडवायची— स्वतःची पोरं कधी घेतली न्हायीत एवढी.

त्याच्या डोक्याला फडकं? ते होय— गोचीड हो! आमच्या या अंजूर गावात गोचीड लई. हळद लावलीय. शेठच्या तय्यबानं या जातीचं नाव काय सांगितलेलं? पापि… हां, पापिलॉन. म्हणजे काय हो? फुलपाखरू? कशामुळं— कानांमुळं? निस्त्या कानांमुळं? अरे देवा… न्हाय, काय न्हाय, उकडतंय जरा. पण शेठनी तेव्हाच सांगायचं ना! आमाला काय ठाव? आमच्याकडं राखणीचं पिलू आणलं की कानांची टोकं काढतात, म्हणजे भांडणात दुसरं कुत्रं कानाला धरत न्हाय. आणि गोदामामागची कुत्री बघितली ना तुमी? एकानं धरलाच होता याचा कान— केवढे ते उभे, केसाळ कान, धरायला सोपे! माझा जीव घाबराघुबरा झाला. शेठच्या लेकीचं जनावर मेलं तर काय सांगू? म्हणून मी कातर घेतली, गोदूनं त्याचे पाय धरले—

काय म्हणालो मी? केस, केस कापले निस्ते! असं बघू नका सादिकभाय. इथून हाकललं तर ही खोली जाईल— आमच्या शेतावर तर हेच गोदाम उभं हाय, जाणार कुठं? तुमी भिवंडीत ऱ्हाता, तुमाला ठाव असेल— कान पुन्हा येतात का हो? केस येतात, तसे?

गाडीत मागं कोण हाय? तय्यबा? पोरीला कशाला आणलं! दार उघडू नको गं— झालं, हाक मारली तिनं. टोपली हालतेय. थांब रे बाळा, थांब— फडकं, फडकं सुटलं त्याचं! सादिकभाय, मागं घ्या तिला, जा घेऊन तिला!

…रडू नको पोरी. बघ, शेपूट हालवतंय. त्यानं वळखलं तुला. तू बी वळख ना गं. तेच हाय.