सोमवारीच दिलेली जागा

वाशीच्या एका दवाखान्यात मी माझ्या पाळीची वाट बघत बसलो होतो. डॉक्टरांच्या खोलीतून एक जोडपं बाहेर आलं आणि माझ्या शेजारच्या बाकावर टेकलं. नवऱ्याच्या जबड्यावर मोठी गाठ होती. तुकडा तपासायला काढला होता, तिथे पट्टी. रिपोर्ट बायकोच्या हातात होता.

"ऐकलं का? कॅन्सर न्हाई. जंतू हायेत, दाढेच्या जागेतनं आत शिरलेले."

"ऐकलं."

"मग त्वांड का पाडलंय? सहा महिने पेनिसिलिन घेतलं की गाठ जिरंल म्हनले डॉक्टर."

"अगं, मी हमालांच्या टोळीतली जागा धनाजीला दिली."

"माझ्या भावाला? कंची जागा?"

"माझीच. कांदा मार्केटातली. सोमवारी मुकादमाला त्याचं नाव सांगितलं."

"रिपोर्ट आज आला, आन् तुमी सोमवारीच मेलात?"

"गाठ दगडासारखी लागत हुती. म्हनलं, जागा घरातच ऱ्हावी. न्हाईतर दुसराच कोन घुसंल."

"दाढ पक्कडीनं कुनी उपटली? तुमीच. कॅन्सर कुनी ठरवला? तुमीच. मग एवढे डॉक्टर कशाला ठेवलेत?"

"आता मुकादमाकडं जाऊ. नाव बदलंल तो."

"मुकादम बदलंल. धनाजीचं काय? शेळ्या इकून निघालाय तो साताऱ्यासनं. दुपारी पोचंल."

"त्याला काय सांगायचं?"

"मला इचारू नका. तुमच्या तोंडानं सांगा, माफ कर, मी जगलो म्हनून."

नवरा पट्टीवर हात धरून हसायला लागला.

"हसू नका. टाका तुटंल."