गप राहायचा हक्क

माझा जन्म पलूसच्या अलीकडच्या वाडीतला, उसाचं रान, आबा, आई आन आमी दोघं भाऊ, आन आमच्याकडं रीतच अशी की एक पोरगं रानात न्‌ एक पलटणीत, तर मी पलटणीत गेलो. लढाई चालू होती, माझ्या हातात लारीचं चाक दिलं. काय सांगू तुमाला, पलटणीनं मला दोन गोष्टी शिकवल्या, गाडी हाकायची आन जी साब म्हणायचं. साहेबानं विचारलं, चूक तुझी? की टाचा जुळवायच्या आन जी साब. कबूल केलं तर शिक्षा निम्मी, वाद घातला तर दुप्पट. ती सवय अंगात मुरली, आन त्याच सवयीनं मला तुरुंगाच्या दारात नेऊन उभा केला.

लढाई संपली, घरी आलो, कराड-विटा सर्विस मोटारीवर डायवर झालो. पेट्रोल मिळायचं न्हाई, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, मागं ही एवढी टाकी, सकाळी आधी ती फुंकून पेटवायची, तोंड काळंठिक्कर, चढ आला की पाशिंजर उतरून ढकलायचं आन मला शिव्या द्यायचं. म्हणायचं, डायवर, तिकीट आमी काढलं आन चालतोय बी आमीच व्हय रं? पर मला लय अभिमान. गावात पाटलाच्या खालोखाल डायवरला राम राम.

मार्गशीर्षातली सकाळ. मोकळी गाडी घेऊन निघालो, गाडीत मी एकटाच. वळणावर मेंढरं आडवी आली, चाक वडलं, आन मोटार कठडा मोडून थेट ओढ्यात. पाणी कमरेएवढं, पर बरफासारखं, आन माझ्या डोक्याला खोक. मेंढरांमागचा म्हातारा धनगर पाण्यात उतरला, मला काखेत धरून काठाला आणलं. माझी दातखीळ बसलेली. त्यानं घोंगड्यात गुंडाळलं, झोळीतली बाटली काढली, घरी गाळलेली दारू, छातीला चोळली आन दोन घोट घशात वतलं. थंडीनं गारठलेल्या माणसाला आमच्याकडं असंच करत्यात, कोकराला बी असंच. जीव आला माझ्यात.

मग म्हातारा घाबरला. म्हणला, लेकरा, ही दारू मी चोरून गाळतो, कळलं तर मला आत घालत्यात, मेंढरांमागं कोण जाईल? कमरेच्या पिशवीतला भंडारा काढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवला. मी म्हणलं, म्हातारबा, तुमचं नाव माझ्या तोंडातनं जाणार न्हाई. भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द. त्यो मोडत न्हाईत.

म्हातारा मेंढरं घेऊन गेला आन फौजदार आला. वास घेतला, म्हणला, दारू प्यालास? आता मला सांगता आलं असतं की साहेब, पडल्यावर प्यालो, आधी न्हाई. पर फुडचा सवाल काय येणार, कुणी पाजली? तोंडाला कुलूप बसलं. फौजदार वरडला, डायवर, प्यालास का न्हाई? आन काय सांगू तुमाला, माझ्या टाचा जुळल्या, तोंडातनं निघालं, जी साब. त्यानं लिवलं, दारूच्या नशेत बेफाम मोटार हाकली, कबूल. म्हणला, कर सही. मी केली.

आबांनी जामीन दिला, आन मला तालुक्याच्या वकिलाकडं नेलं. आबा भाईर बसलं. मी म्हणलं, वकीलसाहेब, आता काय उरलंय, कबूल करून सही दिलीय. वकील हासला. म्हणला, अरे गड्या, फौजदाराफुडं दिलेली कबुली कोर्टात चालतच न्हाई, आन जबाबावर सही त्यानं घ्यायलाच नको होती. तू नशेत हाकत होतास हे सरकारनं शाबीत करायचं, तू न्हाई. मी म्हणलं, पर मला मॅजिस्ट्रेटनं विचारलं तर? त्यो म्हणला, नको बोलू. न बोलल्याची शिक्षा न्हाई. बोलायची सक्ती तुझ्यावर कुणाची न्हाई, फौजदाराची न्हाई आन कोर्टाची बी न्हाई. मग म्हणला, पर मॅजिस्ट्रेट मनात काय धरंल ते मी सांगू शकत न्हाई, हे बी ऐकून ठेव.

अवो, पलटणीत पाच वर्सं काढली, गप राहणं हा बी माणसाचा हक्क असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पर कोर्टाच्या आधी गाव. कायद्यात गप बसलेला निर्दोष असंल, गावात गप बसलेला चोर. तारखेच्या आदल्या दिवशी आबा मला देवळात घिऊन गेलं, चार माणसं बसलेली, आबा म्हणलं, उचल भंडारा, म्हण दारूचा थेंब प्यालो न्हाई, मग जग काय बी म्हणू दे. मी हात फुडं केला आन मागं घेतला. थेंब न्हाई कसं म्हणू? दोन घोट तर गेलं होतं. एकजण म्हणला, चला, कळलं. आबांनी पायताण घातलं आन माझ्या फुडनं निघून गेलं.

कोर्टात वकिलानं फौजदाराला विचारलं, तुमी ह्याला मोटार हाकताना बघितला? न्हाई. दुसऱ्या कुणी? न्हाई. पडल्यावर किती येळानं वास आला? तासाभरानं. डॉक्टरकडं नेलात? न्हाई. मॅजिस्ट्रेटनं माझ्याकडं बघितलं, म्हणला, तुला काय सांगायचंय? माझ्या टाचा जुळाया लागल्या, देवाशपथ, जीभ वळवळाय लागली. मी कठडा घट्ट धरला आन म्हणलं, मला काय सांगायचं न्हाई. शाबीत न्हाई म्हणून सोडला. जप्त केलेलं लायसन परत मिळालं.

आबा कोर्टाच्या भाईर लिंबाखाली उभं होतं. म्हणलं, सुटलास. पर खरं काय रं? मी गप. वकिलानं शिकवलेला हक्क बापाफुडं वापरला, आन त्यो मला आजून टोचतोय.

फुडच्या साली म्हातारा धनगर मेंढरं घिऊन आमच्या रानात बसाय आला, लेंडीखतासाठी बसवत्यात तसा. मग दर साली. आबा त्याला भाकरी द्यायचं, दोघं तंबाखू मळत बसायचं. एकदा आबा त्याला म्हणलं, माझं हे पोरगं दारूपायी वाया गेलं असतं बघा. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं, तोंड उघडलं. मी मानेनंच नको म्हणलं. त्यानं खाली बघितलं. आबा तसंच गेलं, त्यांच्या लेखी मी दारुडा. मग म्हातारा बी गेला. त्यो गेला म्हणून आज हे भाईर काढतोय. झोपंत बी दचकून उठतोय अजून, वाटतं आबा इचारत्यात.

तुमी कॉलेज शिकलात, आपल्या वाडीतलं पैलं, लिवा हे सगळं. पोरास्नी सांगा, धरून नेलं की आधी वकील, मग तोंड. पर मघापासनं तुमी त्या म्हाताऱ्याचं नाव विचारताय, ते न्हाई मिळायचं. नातवंडं हायेत त्याची. माझ्यावर सक्ती न्हाई, आन शब्द हाय. च्या घ्या. लय मोठं व्हा.