कप्तान वाचला असता किंवा कसे

मी खाली सही करणार, वय ५६ वर्षे, धंदा लिफ्टची देखभाल व दुरुस्ती, राहणार छापखान्याच्या वर, पहिला मजला, आज रविवारी सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे धाकटे दीर व जाऊबाई असे तिघे राहतो. दीर शिवणकाम करतात. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. माझे पती कारखान्यात बॉयलरवर कामाला होते, ते सत्तावीस वर्षांपूर्वी कामावर असताना वारले.

मला व मास्तरांना अंतराळजहाजांचे सिनेमे पाहण्याची आवड आहे. पाहून झाल्यावर त्यातल्या चुका काढण्याची त्याहून जास्त आहे. जाऊबाईंनी जेवताना अंतराळाचा विषय काढायला बंदी घातलेली आहे. त्यामुळे आम्ही रविवारी दुपारी मास्तरांच्या मित्राच्या कारखान्यात बसतो. हे मित्र दाताच्या कवळ्या बनवतात, त्यांना दातवाले म्हणतात. तिथे फळीवर प्लास्टरचे साठ-सत्तर जबडे मांडलेले असतात. आमचे वाद ऐकणारे तेवढेच. ज्याचे म्हणणे खोटे पडेल त्याने चहा आणायचा, असा नियम आहे. मास्तरांनी आजपर्यंत चहा आणलेला नाही. खोटे पडले तरी ते कबूल करत नाहीत.

गेले पाच रविवार एकाच सिनेमावर वाद चालू आहे. त्यात चार हजार माणसांचे जहाज बिघडते व एका वस्तीवर आदळणार असते. सगळे छोट्या यानांतून निसटतात. जहाज वरच्या वर फोडायचे तर एक लिव्हर मिनिटभर दाबून धरावा लागतो, सोडला की तो परत वर येतो. शेवटचे यान सुटायला एकोणीस सेकंद राहतात. कप्तान लिव्हर धरून थांबतो आणि जहाजाबरोबर जातो.

माझा आक्षेप एवढाच होता की, चार माणसांच्या लिफ्टला आम्ही तीन ठिकाणी ब्रेक लावतो, आणि चार हजार माणसांच्या जहाजाला एक लिव्हर? हे जहाज पास कोणी केले? दातवाल्यांचा आक्षेप असा की, हवा नसताना स्फोटाचा आवाज आलाच कसा. मास्तरांचा आक्षेप वेगळा होता. ते म्हणाले, "कप्तानाच्या कमरेला पट्टा होता. चार बोटं रुंद, पितळी बक्कल. मी स्वतः पाहिलाय. लिव्हर पट्ट्यानं बांधायचा आणि पळायचं. उगाच मेला तो."

दातवाले म्हणाले, "एकोणीस सेकंदांत? तुला साधी पॅंट बांधायला पाच मिनिटं लागतात."

यावरून आज प्रयोग करायचे ठरले.

दातवाल्यांच्या कारखान्यासमोरच्या सहा मजली इमारतीची लिफ्ट माझ्याकडे आहे. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीची किल्ली माझ्याजवळ असते. तिथे भिंतीला जुन्या लिफ्टचा लिव्हर तसाच राहिलेला आहे. त्याला आता कसलीही वायर जोडलेली नाही, पण स्प्रिंग शाबूत आहे, सोडला की वर उडतो. दातवाल्यांनी सिनेमात कप्तानापासून यानापर्यंतची पावले मोजली होती, ती अकरा भरली. आमच्याकडे लिव्हरपासून दारातून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत अकरा पावले बरोबर होतात.

चार वाजून दहा मिनिटांनी पहिला प्रयोग झाला. मास्तरांनी कमरेचा पट्टा काढून लिव्हरला बांधला व धावले. पट्टा काढल्यामुळे त्यांना एका हाताने पॅंट धरून धावावे लागले. त्यामुळे कोपर बाहेर आले. दाराच्या चौकटीला आतून लाल बटण आहे, ते दाबले की आतच अडकते व लिफ्ट असेल तिथे थांबते. मास्तरांचे कोपर त्या बटणावर बसले. हे कोणाच्याही लक्षात आले नाही. वेळ एकतीस सेकंद लागला व आम्ही हसत होतो.

त्या वेळी इमारतीचे सेक्रेटरी तिसऱ्या व चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टमध्ये होते, हे आम्हाला माहीत नव्हते. लिफ्टच्या पोकळीतून वरचे बोलणे खाली स्पष्ट ऐकू जाते. त्यांनी फिर्यादीत लिहून दिलेली वाक्ये मला वाचून दाखवली. "जहाज उडवल्याशिवाय गत्यंतर नाही" हे दातवाले म्हणाले. "उडवा ना, पण माणूस आत कशाला ठेवता" हे मास्तर म्हणाले. "चार हजार वाचतात, एक गेला तर काय बिघडलं" हेही दातवाल्यांचेच. "वेळ कमी आहे, आवळा लवकर" हे वाक्य माझे आहे, ते मला मान्य आहे. ही वाक्ये बंद लिफ्टमध्ये उभे राहून ऐकल्यावर कोणीही पोलिसांना फोन केला असता. मीही केला असता.

दुसरा प्रयोग बक्कल अडकल्याने फुकट गेला. मग मास्तर म्हणाले, "बक्कल लावायचंच नाही. गाठ मारायची." तिसरा प्रयोग चार वाजून एकवीस मिनिटांनी झाला. तो झाल्यावर गच्चीत जरा शांतता झाली, तेव्हा मला लिफ्टची घंटा ऐकू आली. मी ताबडतोब बटण ओढून सोडवले व चार वाजून तेवीस मिनिटांनी सेक्रेटरी बाहेर आले. ते एकंदर बारा-तेरा मिनिटे अडकले होते. मी त्यांना पाणी दिले व माफी मागितली. तोपर्यंत पोलीस जिना चढून आले होते.

यात चूक माझी आहे. खोलीत कोणी असताना खाली "काम चालू" अशी पाटी लावावी लागते. तीस वर्षांत पहिल्यांदाच लावली नाही. माझा परवाना यावरून जाऊ शकतो, हे मला माहीत आहे. मास्तरांचे कोपर चुकून लागले, त्यांना यात धरू नये.

सेक्रेटरींनी स्फोटाचा संशय मागे घेतला आहे. लिफ्टबद्दलची तक्रार त्यांनी ठेवली आहे व ती योग्य आहे. सिनेमाबद्दल त्यांचे म्हणणे असे पडले की, चार हजार रहिवाशांच्या जहाजात कप्तान एकटा निर्णय घेतो हेच मुळात चूक, आधी सभा बोलवायला हवी होती. यावर दातवाल्यांचे व त्यांचे ठाण्यावर येताना पोलिसांच्या जीपमध्येच वाजले.

अंमलदार साहेबांनी विचारले की, कप्तानाने लिव्हरवर एखादी जड वस्तू का ठेवली नाही. मी सांगितले की अंतराळात वस्तूला वजन नसते. त्यावर त्यांनी विचारले की, मग जहाजात सगळे चालत कसे होते. हा मुद्दा आमच्या पाच रविवारांत कोणाच्याच लक्षात आला नव्हता.

मास्तर या एकाच गोष्टीवर एवढे अडून का बसतात, असे विचारल्यावरून सांगते की, माझे पती वारले त्या दिवशी बॉयलरची झडप हाताने दाबून धरावी लागत होती. ती त्यांनी धरली. आत असलेले नऊजण बाहेर पडले. पतींच्या कमरेला पट्टा होता. मास्तर तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. याबद्दल आमच्या घरात बोलणे होत नाही.

दातवाल्यांच्या जबाबात तिसऱ्या प्रयोगाची वेळ बावीस सेकंद लिहिली आहे, त्याबाबत माझे काय म्हणणे आहे असे विचारण्यात आले. त्याबद्दल सांगते की, घड्याळ दातवाल्यांच्या हातात होते व मी त्यांच्या शेजारी उभी होते. मास्तर टाकीला हात लावून वळले आणि ओरडले, "किती?" दातवाल्यांनी घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "बावीस."

मास्तरांनी मला विचारले, "वहिनी, खरं?"

मी म्हणाले, "बावीस, भावजी."

मास्तर टाकीला टेकून उभे राहिले. म्हणाले, "म्हणजे नसतंच जमलं."

मी म्हणाले, "नसतंच जमलं."

मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसले. त्यामुळे पॅंट घसरली व ती सावरताना त्यांना हसू फुटले. "हरलो बुवा," ते म्हणाले, "चहा माझ्याकडून." हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले.

घड्याळात चौदा सेकंद होते. ते मी स्वतः पाहिले. पोलिसांसमोर खोटे सांगायचे नाही म्हणून हे लिहून देत आहे. दातवाले खोटे बोलले ते कोणाला फसवण्यासाठी नाही, त्यांच्यावर त्याबद्दल काही करू नये. तसेच नमूद करते की, गच्चीवर लख्ख उजेड होता, वाफ नव्हती, कोणी ओरडत नव्हते, आणि आम्ही दोघे मास्तरांना टाळ्या वाजवत होतो. ती गाठ मास्तरांनी आज पहिल्यांदा मारली असे मला वाटत नाही. त्यांचा हात ज्या सवयीने फिरला ते पाहता ती त्यांनी वर्षानुवर्षे मारून पाहिली असावी. बॉयलरपाशी उभ्या असलेल्या माणसाला तसा सराव नव्हता. तेव्हा चौदा हा आकडा कोणाही कप्तानाच्या विरुद्ध धरता येणार नाही, असे माझे तीस वर्षांच्या अनुभवावरून मत आहे.

हा जबाब मास्तरांना दाखवू नये, एवढी विनंती आहे.

बाहेरच्या बाकावर मास्तर, दातवाले व सेक्रेटरी मोठ्याने हसत बसलेले असल्याने अंमलदार साहेबांनी दार लावून घेतले व वरील मजकूर मला हळू आवाजात वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच लिहिला आहे. आकडा चौदाच आहे. बरोबर आहे.

समक्ष, सही.