दुसरी पत्रिका

मालेगावच्या स्टँडवर रिसोडच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारी एक काका आणि लॅपटॉपची बॅग घेतलेली एक मुलगी.

"वर्षाराणी, तुये लय उपकार झाले, पोरी."

"कायचे उपकार, जानरावकाका? वधू-वर मंडळाचा प्रोग्राम चालून राह्यला न बराबर?"

"चालते काय, पयतो! तवा तर नव्या स्थळाचा फोटोच घेत नव्हता."

"तुमी सारे फोटो डेटाबेसच्या पोटातच भरत होते न. दोन जीबी झाली का फाइल बंद. आता फोटो बाहेर फोल्डरात, आत फक्त त्याचा पत्ता. फोल्डर तेवढं हलवू नका."

"मी तर जुने फोटो काढून टाकनार होतो. ज्याइचं जमतच नव्हतं, ते."

"मले आठवते. पयला विकासचा होता."

"चाळिशीले टेकला होता तो. म्हनलं, याचा कायले ठेवा? अन् दिवाळीत कामरगावच्या पोरीनं तोच फोटो पाहून हो म्हनलं. हे घे, लग्नाची पत्रिका."

"मले? त्याची माय तर मले वयखतबी नाही."

"सोजरबाईले मी सारं सांगितलं. मायं बोट डिलीटच्या बटनावर होतं अन् तूच थांबवलं, तेबी. पयली पत्रिका तिनं देवापुढं ठेवली. ही दुसरी."