खडूची फुली

नाही नाही, रुमाल सोडू नका काका, अजून दोनच मिनिटं — फार घट्ट झालाय का? दादा असाच बांधायचा, कानावरून ओढून, म्हणजे नाकाजवळच्या फटीतून दिसत नाही. मला त्या फटीतून बघायची खोड होती, म्हणून त्यानं ही युक्ती काढली. हं, हा पहिला पाइप, धरा. दोन्ही एकाच मापाचे आहेत, हाताला काही कळणार नाही. तीन झुरके, मग पाण्याचा घोट, कोरड्या पावाचा तुकडा, मग दुसरा. एकात दादाचं तंबाखूचं मिश्रण आहे, तुम्ही अकरा वर्षं नेताय ते. बरणीच्या तळाला एवढंच उरलं होतं — लिहून कुठं ठेवलं नाही त्यानं, सगळं बोटांत. आणि दुसऱ्यात माझं. पाइपांखालच्या बश्या मीही डोळे मिटून फिरवल्यात, माझ्या आवाजावरून तुम्हाला कळायला नको. जिच्याखाली खडूची फुली, ते दादाचं.

माझं म्हणजे मी केलेलं, हो. हसलात? नाही? मला वाटलं हसलात. चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, आई-बाबा गेल्यावर दादाच्याच पाठीमागं फिरलो, आणि तो म्हणायचा, हा पाइप भरतो की चुलीत लाकडं कोंबतो! खरंच होतं ते. पण मी शिकत होतो ना, मागच्या खोलीत, तो बाहेर गेला की — काळं पान जास्त, गोडसर पिवळं थोडं, धुरावर वाळवलेलं चिमूटभर. आता चिमूट कुणाची? त्याची बोटं वेगळी, माझी वेगळी. ओढा काका, विझेल.

रविवारी आम्ही खेळायचो हे. दुकान बंद, पाच पाइप, एकानं डोळे बांधायचे, दुसऱ्यानं द्यायचे, कुठलं मिश्रण ते ओळखायचं. हरेल त्यानं झाडू मारायचा. नऊ वर्षं मीच झाडतोय. गेल्या रविवारी एकटाच बसलो डोळे बांधून — बसलो आणि मग लक्षात आलं, पाइप हातात देणार कोण?

तर एका रविवारी मी पाचातल्या एकात माझं भरलं. गुपचूप. त्यानं ओढलं — एरवी एका झुरक्यात सांगायचा, त्या दिवशी तीनही ओढले, सावकाश — आणि म्हणाला, "हे माझं."

मी काय करायला हवं होतं? शहाणा असता तर गप्प बसला असता. मी टेबलावर चढलो! "तुझं नाही, माझं आहे! जीभ सडली तुझी, म्हाताऱ्या!" चाळिशीचा होता तो, कसला म्हातारा. एवढ्यावर थांबलो? छे. शिंप्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, अख्ख्या रस्त्यावर दवंडी पिटली. दुसऱ्या दिवशी न्हावी त्याला म्हणतो, "काय हो, जीभ कुठं विसरून आलात?" आणि दादा हसला, त्यांच्यात उभा राहून हसला. घरी येऊन कपाटाची किल्ली माझ्यापुढं ठेवली. "बरण्या आता तू भर. मी गिऱ्हाईक बघतो." त्यानंतर पानाला हात लावला नाही त्यानं. सात आठवडे. आणि मग इथंच, त्याच स्टुलावर — अहो नका उठू, बसा, कुणीतरी बसायलाच हवं त्यावर — बसल्या बसल्या गेला. डॉक्टर म्हणाले हृदय. डॉक्टरांना काय माहीत.

म्हणून तुम्हाला तुमच्या दुकानातून, घड्याळं दुरुस्त करता करता उठवून आणलं. तुम्ही फसलात, तर तोही फसला — माझं जमलं होतं, बस्स. आणि ओळखलंत, तर त्याची जीभ खरंच गेली होती, आणि ते मी चव्हाट्यावर ओरडून सांगितलं. घ्या, पाणी घ्या. हा दुसरा.

काय? हाच दादाचा? अहो, एकाच झुरक्यात? पहिला पुन्हा ओढून बघा — नको? जवळपाससुद्धा नाही? थांबा, बशी उलटतो.

फुली आहे.

म्हणजे गेलीच होती त्याची जीभ.

काय "नाही" काका? सोडा तो रुमाल, सोडा आता, माझ्याकडं बघून सांगा. कधी? तो जायच्या चार दिवस आधी? तुमच्या पाइपचा झुरका घेतला... मधे तुम्ही आणलेलं दुसऱ्या दुकानातलं... आणि त्यातली पानं ओळखून सांगितली? सगळी? बरोबर सांगितली?

मग इतके दिवस बोलला का नाहीत? तो म्हणाला... धाकट्याला सांगू नका.

म्हणजे त्या रविवारी त्याला कळलं होतं, ते मी केलेलं आहे ते. पहिल्याच झुरक्याला. आणि तरी म्हणाला, हे माझं. मग बाकीचे दोन कशाला ओढले त्यानं? माझं होतं म्हणून —

तुम्ही जा काका. नाही, पाइप राहू द्या बशीत, विझवू नका, जळतोय अजून. दार ओढून घ्या. आणि न्हाव्याला तुम्ही काही बोलू नका. त्याला मीच सांगतो. जा.