गोळीपुढची रेघ

(राहात्याजवळचा एक दवाखाना. ऊसतोडीचा हंगाम चालू आहे.)

डॉक्टर : ...आणि आता थापा नकोत, बन्सीभाऊ. तुमच्या लघवीची पट्टी समोरच आहे.

बन्सी : मंग बघा की मॅडम! गोळीच्या नावापुढं रेघ हाय का न्हाई? चांगली ठसठशीत उठलीय. आन् गांजापुढं कोरं. सुटलो बाबा! मी उगंच घाबरलो हुतो.

डॉक्टर : ह्या पट्टीचं उलटं असतं. रेघ उमटली म्हणजे ते औषध अंगात नाही. कोरं राहिलं म्हणजे आहे.

बन्सी : उलटं?

डॉक्टर : हो. गांजा सापडलाय. आणि मी दिलेली दुखण्याची गोळी सापडलेली नाही.

बन्सी : गांजाचं म्हनाल तर, पंधरा दिसांमागं दोन झुरके मारले हुते. टोळीतल्या एकानं चिलीम फुडं केली, न्हाई म्हनवंना.

डॉक्टर : दोन झुरके पंधरा दिवस टिकत नाहीत, भाऊ. रोज ओढणाऱ्याचा मात्र महिनाभरसुद्धा दिसतो.

बन्सी : ...रोजच वढतो. त्याबिगर पाठ उचलतच न्हाई. मोळी घिऊन ट्रकच्या फळीवरनं पडलो, तवापासनं.

डॉक्टर : अहो, त्यासाठीच तर गोळी दिली होती! ती घेतली की दोन-तीन दिवस लघवीत दिसते. तुमच्यात तिचा मागमूस नाही. म्हणजे निदान गेल्या तीन दिवसांत एकही पोटात गेलेली नाही.

बन्सी : इसरलो आसंल.

डॉक्टर : दुखणारा माणूस गोळी विसरत नाही. ह्या गोळ्यांना गिऱ्हाईक आहे, पोरं नशेला घेतात. कुणाला विकता?

बन्सी : मॅडम! आईशपथ सांगतो, एक न्हाई विकली. गंजाडी म्हना, ऐकून घेतो. पर आसलं काय म्हनू नका.

डॉक्टर : मग जातात कुठं? ते कळल्याशिवाय मी पुढची चिठ्ठी लिहिणार नाही.

बन्सी : आसं करू नका, पाया पडतो. हंगाम सरायला आजून दोन म्हैने हायेत.

डॉक्टर : तुम्ही गोळी घेतच नाही. मग चिठ्ठी बंद झाली तर तुमचं काय अडतंय?

बन्सी : आमच्या पाथर्डीकडं नवराबायकूच्या जोडीला एक कोयता म्हनत्यात. मी तोडायचं, तिनं मोळ्या बांधून डोक्यावर वाहायच्या. एक आडवं झालं की कोयता मोडला. मुकादम लगीच दारात.

डॉक्टर : बायकोला देता?

बन्सी : व्हय. सकाळी एक, रातीला एक. दोन सालामागं तिची गर्भाची पिशवी काढली. तवापासनं कंबरच ऱ्हायली न्हाई तिला. फडात दातावर दात धरून काम करती. तोंडातनं ब्र काढत न्हाई, पर मला दिसतंय ना!

डॉक्टर : अहो, एकाची गोळी दुसऱ्याला द्यायची नसते. ही गोळी भलत्याला गेली तर फिटसुद्धा येते. आणि त्यांनी घेतली तरी कशी?

बन्सी : तिला ठावं न्हाई. ताकदीची हाय म्हनून सांगितलंय. माझी हाय म्हनून कळलं तर तोंडात घालायची न्हाई. माझं दुखनं मोठं म्हनती.

डॉक्टर : तुम्हाला रागवावं की काय करावं, खरंच कळत नाही मला.

बन्सी : रागवा की. दोन मुस्काडीत द्या. पर गोळी बंद करू नका.

डॉक्टर : तुमच्या नावानं त्यांची गोळी मी देणार नाही. आधी त्यांना तपासते, मग काय द्यायचं ते बघू. वेगळा केसपेपर काढा. नाव काय त्यांचं?

बन्सी : केशर.

डॉक्टर : एक दिवस खाडा करून आणता येईल का?

बन्सी : आलीय की. भाईर हाय, व्हरांड्यात.

डॉक्टर : मग इतका वेळ बाकावर कशाला बसवून ठेवलंत? आत बोलवा.

बन्सी : बसली न्हाई, मॅडम. बसलं की उठाया येत न्हाई तिला. सकाळधरनं उभीच हाय.